राग खरा आहे, पण आत्ता नळी शिकून घ्या

प्रश्न : माझं वय ४१. आम्ही माढा तालुक्यातल्या एका गावातले. थोडी शेती आणि घराला लागून किराणा दुकान. यांना (वय ४७) गालाच्या आतून कर्करोग निघाला. परळला ऑपरेशन झालं. सकाळी आत नेलं ते रात्रीच बाहेर आणलं. डावीकडचा जबडा काढून तिथं पायाचं हाड बसवलंय. दोन दिवस आयसीयूत होते, आता वॉर्डात आहेत. आज पाचवा दिवस. घशाला छिद्र पाडून नळी घातलीय, नाकात दुसरी नळी आहे. बोलता येत नाही, पाटीवर लिहितात. मी आणि धाकटे दीर सोबत आहोत. भेटीच्या वेळेला आत जाते, बाकी दिवसभर बाकावर बसून नातेवाइकांना फोनवर तेच तेच सांगते. माझा इथं काही उपयोग आहे असं वाटत नाही. रिपोर्ट आलेला नाही. सासूबाईंना 'गालाची गाठ काढली' एवढंच सांगितलंय. मुलगा बारावीला आहे, सध्या तोच दुकान बघतो, त्यालाही सगळं माहीत नाही. 'तंबाखू सोडा' म्हणून वीस वर्षं मी भांडले. काल त्यांनी पाटीवर लिहिलं, 'माझं चुकलं.' मी तोंड फिरवून बाहेर आले. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. मी काय करू?
— परळहून एक बहीण

ताई,

पाटीवरचे ते दोन शब्द तुम्ही पत्रात अगदी शेवटी लिहिलेत, पण तुमची झोप उडालीय ती त्यांच्यामुळेच. म्हणून आधी त्याबद्दलच बोलते.

तुम्हाला राग आला यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. तोंडाच्या कर्करोगाच्या वॉर्डाबाहेर बसलेल्या कितीतरी बायकांच्या पोटात हाच राग असतो. आजारी नवऱ्यावर रागवायचं नसतं असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, म्हणून कुणी बोलत नाही इतकंच. तुम्ही रागावलेल्या आहात आणि तरीही पाच दिवस त्या बाकावरून हललेल्या नाहीत. दोन्ही खरं आहे.

पण हे भांडण आत्ता करू नका. समोरच्याला बोलता येत नाही, एवढं कारण पुरेसं आहे. तुम्ही चार वाक्यं बोलणार आणि ते एक शब्द लिहून पाटी पुसत बसणार, हे बरोबरीचं भांडण नाही. आणि 'जाऊ द्या हो, काही नाही' असंही म्हणू नका. ते खोटं आहे, आणि इतक्या वर्षांच्या संसारात तुमचं खोटं त्यांना कळत नसेल असं थोडंच आहे? उद्या आत गेलात की शांतपणे सांगा, 'तुम्ही लिहिलेलं वाचलं मी. मला राग आहे, तो एका दिवसात जाणार नाही. घरी गेल्यावर बसून बोलू. मी कुठं जात नाहीये.' बस, इतकंच. त्यावर त्यांनी काही लिहायला घेतलं तर लिहू द्या, पण तुम्ही फाटे फोडू नका.

रागातला थोडा वाटा योग्य जागीही जाऊ द्या. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ तंबाखू, मिश्री, गुटखा असं काही ना काही तोंडात धरणारे निघाले. म्हणजे जवळपास दर चौघांत एक. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठं मिळतो हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. तुमच्या नवऱ्याची जबाबदारी यानं संपत नाही. पण निकोटीनची सवय ही इच्छाशक्तीला दमवणारी गोष्ट आहे, आणि ते एकटेच तिच्यापुढं हरलेले नाहीत.

आता मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण खेड्यातल्या किराणा दुकानात दर्शनी भागात काय लटकत असतं ते आपल्याला माहीत आहे. तुमच्याही दुकानात तंबाखूच्या पुड्यांच्या माळा असतील तर ते घरी पोहोचायच्या आधी त्या उतरवा. गिऱ्हाईक तुटेल, धंदा थोडा बसेल, आणि इथल्या खर्चात ते तुम्हाला जड जाईल, मला कल्पना आहे. तरीही उतरवा. ऑपरेशननंतर तंबाखू पुन्हा तोंडात गेली तर कर्करोग उलटण्याचा आणि तोंडात दुसरीकडे नवा होण्याचा धोका वाढतो. शिवाय निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, आणि ज्या बारीक रक्तवाहिन्या जोडून ते पायाचं हाड जबड्यात जगवलंय, त्यांना तेच सोसत नाही. ऑपरेशन झाल्यापासून तरी त्यांच्या तोंडात तंबाखू गेलेली नाही. सोडायला याहून चांगली वेळ पुन्हा येणार नाही. आणि त्या माळांखाली सध्या तुमचा बारावीतला मुलगा बसतोय, हेही विसरू नका. सोडण्यासाठी मदत करणारा मोफत फोन नंबर १८००-११-२३५६ आहे. तो तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो.

आता उपयोगाचं. तुम्ही म्हणता, तुमचा तिथं काही उपयोग नाही. मला नेमकं उलट वाटतं. हे ऑपरेशन झालेला माणूस बहुतेक वेळा नाकातली नळी घेऊनच घरी जातो. इथं दर दोन तासांनी सिस्टर येऊन त्यांना भरवतात. गावी ते कोण करणार? तुम्ही. डिस्चार्जचा कागद हातात पडतो त्या दिवशी धावपळीत कुणीतरी पाच मिनिटांत सगळं सांगतं, तुम्ही मान हलवता, आणि घरी गेल्यावर रात्री नळी तुंबली की हात थरथरतात. म्हणून बाकावरचे हे दिवस शिकण्यासाठी वापरा. उद्याच सिस्टरना सांगा, 'मला शिकायचंय, आज मी बघते, उद्या तुमच्यासमोर मी भरवते.' बहुतेक सिस्टरना अशी नातेवाईक हवीच असते.

बघताना काय बघायचं ते सांगते. भरवण्याआधी पेशंटला चांगलं टेकून बसवतात, आडवं कधीच नाही. नळीवर नाकपुडीजवळ एक खूण असते. ती जागेवर आहे का ते आधी बघतात, कारण खूण बाहेर सरकली असेल तर नळीचं टोक पोटात राहिलं नसेल. मग नळी चिमटीत दाबून टोपण काढायचं, म्हणजे आत हवा जात नाही. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून नुसतं नळकांडं नळीला लावायचं, त्यात पेज किंवा ताक ओतायचं आणि चिमूट सोडायची. नळकांडं डोक्यापेक्षा थोडं वर धरलं की ते आपल्या वजनानं खाली उतरतं. वेग कमी-जास्त करायचा तो हात वर-खाली करून. दट्ट्यानं रेटायचं नाही. शेवटी थोडं साधं पाणी, म्हणजे नळीत अन्न सुकून बसत नाही. टोपण लावायचं आणि पुढं निदान अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. मध्येच खोकला किंवा धाप लागली तर लगेच थांबायचं. किती द्यायचं, केव्हा द्यायचं, हे तुमच्या आहारतज्ज्ञ लिहून देतील. त्यांना आपल्या घरातलं विचारा : ज्वारीची आंबील चालेल का, नाचणी किती पातळ करू, डाळ कशातून गाळू. मिक्सर आणि बारीक गाळणं ही घरची तयारी दिरांकडून आत्ताच करून घ्या. आणि एक कायम लक्षात ठेवा : नळी निघून आली तर ती आपल्या हातानं परत घालायची नाही. आत ताजे टाके आहेत. सरळ दवाखाना गाठायचा.

घशाच्या छिद्राबद्दल तुम्ही लिहिलंय त्यावरून वाटतं की आवाज कायमचा गेला अशी धास्ती तुमच्या मनात आहे. तोंडात आणि घशात सूज येऊन श्वास कोंडू नये म्हणून ते छिद्र करतात. हवा स्वरयंत्राच्या खालूनच आत-बाहेर होते, म्हणून आवाज फुटत नाही. गालाच्या आणि जबड्याच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र जागेवरच असतं. सूज उतरली की नळी काढतात, छिद्र बुजतं, आवाज येतो. उच्चार सुरुवातीला बोबडे येतील आणि मेहनतीनं सुधारतील. पायाचंही तसंच. नडगीच्या भागात दोन हाडं असतात. अंगाचा भार पेलतं ते जाड हाड, आणि काढतात ते बाहेरच्या बाजूचं बारीक हाड. ते पुन्हा चालतील. फिजिओथेरपिस्ट काही दिवसांत उभं करतील तेव्हा 'राहू द्या, दुखतंय त्यांना' असं म्हणून मध्ये पडू नका.

रात्री-अपरात्री कुणीतरी येऊन नव्या जागेचा रंग बघतं, टोचून रक्त बघतं, त्याला घाबरू नका. जोडलेल्या भागाचा रक्तपुरवठा नीट आहे ना याची ती तपासणी असते आणि सुरुवातीच्या दिवसांत ती वरचेवर करावी लागते. तुम्ही आत असताना तो भाग काळपट किंवा एकदम पांढरा दिसला, तर 'सांगू की नको' असा विचार न करता सिस्टरना हाक मारा. गळ्याला घट्ट काही बांधू नका, त्या बाजूच्या मानेखाली उशी कोंबू नका.

भेटीच्या वेळेबद्दल एक सुचवते. माणूस पाटीवर लिहीत असताना आपण अर्ध्यातच ओळखून बोलून टाकतो. 'पा' लिहिलं की आपण म्हणतो, 'पाणी ना? पाणी नाही द्यायचं.' त्यांना लिहायचं असतं, 'पाय आखडलाय.' ते पाटी पुसून पुन्हा सुरू करतात, आपण पुन्हा तेच करतो, आणि शेवटी ते पेन्सिल ठेवून देतात. लिहिणं पूर्ण होईपर्यंत थांबा, मग मोठ्यानं वाचून दाखवा, मान हलली की उत्तर द्या. रोजच्या चार-पाच गोष्टींच्या खुणा ठरवून घ्या : कफ काढायचाय, दुखतंय, कूस बदलायचीय, लघवी. एका कागदावर लिहून कॉटला लावा म्हणजे रात्रपाळीच्या मावशींनाही कळेल.

फोनचं काम दिरांकडे द्या. सगळं. रोज संध्याकाळी एक निरोप, घरच्यांच्या ग्रुपवर, चार ओळी. ज्यांना जास्त विचारायचंय त्यांनी दिरांना विचारावं. 'वहिनी फोन घेत नाही' असं कुणी म्हणेल, म्हणू द्या. आणि फोटो कुणालाही पाठवू नका, सख्ख्या बहिणीलाही नाही. आज चेहरा सुजलेला आहे, नळ्या आहेत, आणखी काही आठवड्यांनी तो असा राहणार नाही. पण आज पाठवलेला फोटो चाळीस मोबाइलमध्ये तसाच राहील, आणि त्यासाठी त्यांना कुणी विचारलेलंही नसेल.

झोपायचं कुठं हे तुम्ही लिहिलेलं नाही. चटईवर बाहेर झोपत असाल तर ते थांबवू या. पंढरपूरची गाडगेबाबांची धर्मशाळा तुम्ही पाहिली असेल. त्यांच्याच नावाची धर्मशाळा दादरला आहे आणि तिथं कर्करोगाचे पेशंट आणि नातेवाईक राहतात. परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. जागा लगेच मिळेलच असं नाही, पण रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात फाइल घेऊन गेलात तर ते चिठ्ठी देतात, इतर सोयीही सुचवतात. त्याच खिडकीवर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आणि ट्रस्टच्या मदतीत काय बसतं तेही विचारा. तुम्ही आणि दीर रात्री वाटून घ्या. एक रात्र त्यांची, एक तुमची. ज्या रात्री तुमची पाळी नसेल त्या रात्री आंघोळ करून, पोटभर जेवून, आडवं व्हायचं. नळी शिकणारे हात झोपलेले हवेत, त्यात कुणावर उपकार नाहीत.

आता घरचं. मुलाला आजच सांगा. बारावीचं वर्ष आहे म्हणून लपवायचं ही आपली पद्धत, पण तो दुकानात बसतो, गावातली माणसं त्याच्यासमोर कुजबुजतात, आणि अर्धवट ऐकून तो रात्री मोबाइलवर काय काय शोधत असेल याचा विचार करा. त्याला सरळ सांगा : कर्करोग होता, जबड्याचा भाग काढलाय, पायाच्या हाडानं तो परत बांधलाय, बाबा आत्ता बोलू शकत नाहीत पण बोलतील, रिपोर्ट आला की पुढचं ठरेल. त्याला यावंसं वाटलं तर शनिवार-रविवारी येऊ द्या. आत नेण्याआधी नवऱ्याला मात्र विचारा. ते 'नको' म्हणाले तर आणखी दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

सासूबाईंना फोनवर सांगू नका. दीर एकदा गावी जाऊन येतील तेव्हा समोर बसून सांगू देत, आणि ते यांना घरी आणायच्या आधी झालं पाहिजे. तयारी नसताना दारात लेकाचा चेहरा बघून म्हातारीनं हंबरडा फोडला तर तो आवाज तुमच्या नवऱ्याच्या मनातून जाणार नाही. आणि त्या मिश्री लावत असतील तर त्याच बैठकीत दिरांनी त्यांचंही तोंड बघून घ्यावं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर दंतवैद्याकडे न्यायचं.

रिपोर्टला उशीर होतोय म्हणजे काहीतरी वाईट आहे, असा अर्थ लावू नका. काढलेल्या भागात हाड आहे. त्याचे पातळ काप घेण्याआधी ते रसायनात ठेवून मऊ करावं लागतं, आणि त्यालाच काही दिवस जातात. रिपोर्ट आला की डॉक्टरांना भेटायला दिरांना सोबत न्या, आणि प्रश्न आधीच वहीत लिहून ठेवा. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत का? मानेतल्या गाठींमध्ये काही निघालं का? रेडिएशन लागणार का? लागणार असेल तर ते साधारणपणे ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असा प्रयत्न असतो, आणि बहुतेकदा आठवड्यातून पाच दिवस असं सहा आठवडे चालतं. त्याआधी दातांची तपासणी करून घ्यावी लागते. तेव्हा एक प्रश्न न विसरता विचारा : रेडिएशन आम्हाला बार्शीला घेता येईल का? तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात ती सोय आहे, आणि माढ्याहून बार्शी तुम्हाला अंगणात आहे. डॉक्टर हो म्हणाले तर मुलाच्या परीक्षेच्या दिवसांत तुम्ही रोज रात्री घरी असाल.

परतीच्या प्रवासासाठी रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म डिस्चार्जच्या आधीच डॉक्टरांकडून भरून, सही-शिक्का घेऊन ठेवा. स्लीपर आणि थर्ड एसीत कर्करोगाच्या पेशंटला पूर्ण आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत आहे. रात्रीची गाडी घेतलीत तर खालचाच बर्थ मागा, शेवटचं भरवणं गाडीत बसण्याच्या बरंच आधी उरका, आणि त्यांना सपाट झोपवू नका. पाठीशी दोन उशा किंवा घडी केलेली चादर द्या. रात्रभर मधूनमधून नळीवरची खूण बघत राहा. कुर्डुवाडीला उतरवून घ्यायला मुलालाच बोलवा. तोपर्यंत त्याला सगळं माहीत असेल.